चार तास तळहातावर

माकणी, ता. लोहारा
९ नोव्हेंबर २०२४

चि. महांतू,

अक्काचे आशीर्वाद. उमादेवीलाबी सांग.

फोन का उचलत न्हाई म्हणून विचारलंस. उचलून काय करू. तुझं बोलणं मला नुसतं भुणभुण ऐकू येतं, आन कानात घालायचं मशीन शिट्टी मारतं. उत्तरेश्वर म्हणतो, आई, मोबाईलवर लिहून पाठवू मामाला. पण त्यो लिहिणार आन सून वाचणार. पत्र बरं. पोस्टात टाकलं की तुझ्याच हातात. चौथीपर्यंतची शाळा म्हातारपणी कामाला आली बघ.

आता मुद्द्याचं. दिवाळीच्या आधीपासून पोटात जड लागत हुतं. खाल्लेलं वर यायचं. उत्तरेश्वरनं उमरग्याला नेलं, हायवेच्या कडंला नवा दवाखाना झालाय तिथं. मशीनीत बघितलं तर अंडाशयाला गाठ, नारळाएवढी. सोलापूरचे सर्जन तिथं दर गुरुवारी येत्यात. ते म्हणाले, काढावी लागंल, काढून तपासायला पाठवल्याबिगर कसली हाय ते कळायचं न्हाई.

म्या व्हय म्हणणार हुते. पण कागद भरताना नर्सबाई म्हणाली, बांगड्या, जोडवी, गळ्यातलं समदं काढून घरच्यांकडं द्यायचं. म्या गळ्यातलं इष्टलिंग दाखवलं, डबीतलं. तर म्हणाली, आजी, हे बी. आत काहीच चालत न्हाई.

आठव्या वर्षी स्वामींनी दीक्षा दिऊन हातावर ठिवलं, तवापासून ते अंगावरनं उतरलं न्हाई. तीन बाळंतपणं झाली तवा न्हाई. मालक गेले तवा न्हाई. म्हणून म्या त्यांना नको सांगितलं आन घरी आले. पंच्याहत्तर झाली. लई झालं.

तू मनाला लावून घिऊ नको. धरण भरलंय औंदा. शाळू चांगला उगवलाय.

तुझी,
शांताक्का


भूम
१५ नोव्हेंबर २०२४

अक्का,

नमस्कार. तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना राग आवरला नाही.

एक दगड गळ्यातून चार तास उतरवायचा नाही म्हणून तू पोटात गाठ ठेवून बसणार? ती साधी असेल तर काढली की संपलं. साधी नसेल तर प्रत्येक आठवडा महत्त्वाचा आहे. मी बत्तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं, आणि माझी सख्खी बहीण नर्सच्या एका वाक्यावरून घरी निघून येते. मी कुणाला काय तोंड दाखवू?

तुला आपली धाकटी कलावती आठवते का? सहा वर्षांची होती. ताप डोक्यात गेला आणि अप्पा तिला घेऊन मठात जाऊन बसले. अंगारा लावत. मी लातूरला वसतिगृहात होतो. मला कार्ड आलं ते ती गेल्यानंतर चार दिवसांनी. एकोणिसाव्या वर्षी मी माझं लिंग काढून अप्पांच्या पुढ्यात ठेवलं तेव्हा सगळ्या घरादेखत म्हणालो होतो, तुमच्या देवानं माझी बहीण खाल्ली. अप्पा काही बोलले नाहीत. बोलण्यासारखं त्यांच्याकडं काही नव्हतंच.

आता दुसरी बहीण मी त्याला देणार नाही. तो नाही आहे, अक्का. आकाशात नाही, मठात नाही, तुझ्या गळ्यातल्या डबीत नाही. असता तर त्याला तुझी गाठ दिसली असती.

उत्तरेश्वरला फोन केला आहे. पुढच्या गुरुवारी मुकाट्यानं दवाखान्यात जा.

महांत


माकणी
८ डिसेंबर २०२४

चि. महांतू,

आशीर्वाद.

तीन आठवडे लिहिलं न्हाई. राग आला म्हणून न्हाई. एक गोष्ट तुला सांगावी का न्हाई, ते ठरत नव्हतं. अप्पांनी सांगू नको म्हटलं हुतं. त्यांना जाऊन आता वीस वर्षं झाली, आन मीबी कडंला आले. सांगते.

अप्पा कलावतीला आधी मठात नेऊन बसले, हे खरं हाय. एक दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडी जुंपली आन तिला उमरग्याला नेलं. मी पयल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, अवघडलेली, तरी गाडीत मीच तिला मांडीवर घिऊन बसले. दिवस बुडायला पोचलो. डॉक्टर हुते. चांगले हुते बिचारे. सुई टोचली, पाठीतनं पाणी काढलं, बाटली लावली. दोन दिवस ती तिथं हुती. तिथंच गेली. मठात न्हाई गेली.

अप्पा येताना गाडीत म्हणाले, महांतूला हे सांगू नका. त्याला शिकायचंय. दवाखान्यातबी माणूस मरतं हे आत्ताच कळलं तर त्याचं मन पुस्तकावरनं उडंल. त्याला माझ्यावर रागवू दे, मी सोसतो.

तू लिंग काढून पुढ्यात ठिवलंस त्या दिवशी ते बोलले न्हाईत ते ह्याच्यामुळं. बोलण्यासारखं लई हुतं.

हे तुला दुखवायला लिहिलं न्हाई. एक दिवस आधी नेली असती तर वाचली असती का, ते डॉक्टरलाबी ठावं नव्हतं. त्यानंच अप्पांना सांगितलं तसं. देवानं बी न्हाई वाचवलं आन सुईनंबी न्हाई. मग कुणावर रागवायचं, ते मला आजवर कळलं न्हाई. तुला कळलं असंल तर सांग.

आता माझं ऐक. मी आपरेशन करून घेते. पण एक अट हाय. मला आत नेतील तवा माझं लिंग तू धरायचं. कपाटात न्हाई, पिशवीत न्हाई, खिशात न्हाई. हातावर. मी बाहेर येईपर्यंत.

तुला वाटंल, अक्का मला देवाला लावाया बघतीय. तसं न्हाई. उत्तरेश्वरकडं दिलं तर त्यो म्हणंल, धरून बसलो हुतो आई. मला बरं वाटावं म्हणून म्हणंल, आन मधी फोन आला की खिशात टाकंल. सूनबी म्हणंल. सगळी माझ्यावर माया करत्यात, म्हणून खोटं बोलतील. तू न्हाई बोलणार. तू तर अप्पांच्या तोंडावर बी तुला खरं वाटलं तेच बोललास. तू धरलंस म्हणालास तर धरलंस. ठिवलंस म्हणालास तर ठिवलंस.

न जमलं तर तसं लिही. रागवणार न्हाई.

शांताक्का


भूम
१३ डिसेंबर २०२४

अक्का,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो नाही. उमादेवीनं विचारलं, काय लिहिलंय? मी पत्र तिच्या हातात दिलं. तिनं वाचलं, घडी घातली आणि माझ्या पुढ्यात ठेवून आत गेली.

अप्पांबद्दल आत्ता काही लिहू शकत नाही. अठ्ठेचाळीस वर्षं मी एक वाक्य छातीवर पदकासारखं लावून फिरलो. वर्गात किती पोरांना सांगितलं असेल, माझी बहीण अंगाऱ्यानं मेली म्हणून. ते अर्धंच खरं होतं. मठातला तो एक दिवस मी अजून माफ करू शकत नाही. पण पुढचे तीन दिवस माझ्या हिशेबात नव्हतेच.

कुणावर रागवायचं हे मलाही कळलेलं नाही.

धरेन. पण आधीच सांगतो. मंत्र म्हणणार नाही. विभूती लावणार नाही. डोळे मिटून बसणार नाही. मला जे येत नाही त्याचं सोंग करणार नाही. तुझी वस्तू तुझा भाऊ म्हणून हातावर घेऊन बसेन, एवढंच. चालत असेल तर तारीख कळव.

महांत


माकणी
१९ डिसेंबर २०२४

चि. महांतू,

चालतंय. गुरुवारी, २ जानेवारीला हाय. बुधवारी संध्याकाळीच ये, सकाळी साडेसातला आत नेणार.

जंगमस्वामी घरी आले हुते. त्यांना सांगितलं तर म्हणाले, आपलं लिंग दुसऱ्याच्या हातात देत न्हाईत, शांताक्का. म्या म्हटलं, माझ्या भावाचा हात दुसऱ्याचा न्हाई. ते हसले. चहा पिऊन गेले.

स्वेटर आण. इथं गारठा लई.

शांताक्का


भूम
१२ जानेवारी २०२५

अक्का,

तू घरी पोचलीस, टाके सुकत आहेत, भाकरी कुस्करून खातेस, हे उत्तरेश्वरनं कळवलं. तपासणीचा कागद यायला अजून आठवडा लागेल म्हणाला.

शुद्धीवर आल्यावर तू मला भुवया उंचावून विचारलंस, आणि मी मान हलवून हो म्हणालो. मग तू डोळे मिटलेस. बाकीचं मी तिथं सांगू शकलो नाही. तुझ्या कानाशी ओरडून सांगण्यासारखं ते नव्हतं, सगळा वॉर्ड ऐकत बसला असता. म्हणून घरी येऊन लिहितो. मी खरं सांगेन म्हणून तू मला बसवलंस, तर सगळंच सांगतो.

साडेसातला तू गळ्यातला दोरा काढून डबी उघडलीस आणि लिंग माझ्या डाव्या तळहातावर ठेवलंस. तुला नेलं. मी दाराबाहेरच्या बाकड्यावर बसलो. पहिला तासभर मला काहीही वाटलं नाही. गुळगुळीत काळी वस्तू, सुपारीपेक्षा मोठी, आधी तुझ्या अंगाची ऊब, मग गार, मग माझ्या हाताची ऊब. पदार्थाचे गुणधर्म. मला लाज वाटत होती ती लोकांची. भूमचा कुणी ओळखीचा दिसला तर काय सांगायचं, याचाच विचार चालू होता. उत्तरेश्वरनं चहा आणला, मी उजव्या हातानं प्यालो. नऊच्या सुमाराला लघवीला लागली. तुला ठाऊक आहे, साखरेमुळं मला दम धरवत नाही. उत्तरेश्वर म्हणाला, मामा, द्या माझ्याकडं पाच मिनिटं, आईला कुठं कळतंय. मी गेलो नाही. का गेलो नाही ते मला सांगता येत नाही. तुला कळणार नव्हतं, हे खरंच होतं.

शेजारी एक म्हातारी येऊन बसली. धनगराची, कोंडाबाई नाव. तिच्या मुलाच्या मोटरसायकलला ट्रकनं धडक दिली होती, पायाचं आपरेशन शेजारच्याच खोलीत चाललं होतं. माझ्या हाताकडं बराच वेळ बघत होती.

म्हणाली, "कुठला देव हाय?"

म्हटलं, "माझ्या बहिणीचा."

"मग माझ्या लेकाचंबी सांगा की त्याला. बलभीम नाव हाय."

म्हटलं, "बाई, मी काही सांगत नाही. मला देव येत नाही. मी नुसता धरून बसलोय."

ती म्हणाली, "धरलंय न्हवं? तेवढं पुष्कळ हाय."

आणि पदरानं नाक पुसून ती माझ्या हाताकडंच बघत बसली. मला हात खाली घेता येईना.

दहाच्या पुढं दार उघडलं. आतून एक जण आला, रक्त लागेल म्हणाला, आत्ता. गाठ आतड्याला चिकटली होती, सोडवताना रक्त गेलं, ब्लडप्रेशर उतरलं. उत्तरेश्वर पळाला. मी उठलो, पण करण्यासारखं काही नव्हतं. माझं रक्त ते घेत नाहीत, वय झालं. मी पुन्हा खाली बसलो.

अक्का, तेव्हा मी बोललो. मोठ्यानं नाही, पण ओठ हलले. कोंडाबाईनं पाहिलं. मी म्हणालो, "कुणी असशील, तर अक्काकडं बघ." थोड्या वेळानं म्हणालो, "आणि बलभीमकडंही."

उत्तर आलं नाही. पंखा बंद होता. हायवेवरून ट्रक जात होते. दगड हातात होता तसाच होता. मला प्रकाश दिसला नाही, अंगावर काटा आला नाही. मी घाबरलेला म्हातारा होतो आणि घाबरलेली माणसं बोलतात, हे मी शाळेत शिकवू शकतो. पण मी भिंतीशी बोललो नाही. कुणी ऐकत असेल अशा बेतानं बोललो. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, कुणी ऐकत असलं तर बरं होईल. असावं, असं वाटलं. आहे, असं वाटलं नाही. पण या दोन्हींत मी समजत होतो तेवढं अंतर नाही.

साडेअकराला तुला बाहेर आणलं. चार तास झाले होते. मूठ उघडताना बोटं आखडली होती, नर्सनं चोळून सरळ केली. बलभीमचा पायही वाचला. हे मी पुरावा म्हणून सांगत नाही. सर्जन हुशार आहेत, रक्त वेळेवर मिळालं.

मग मी लघवीला गेलो.

मी आस्तिक झालो असं कुणाला सांगू नकोस. तसं झालेलं नाही. पण 'तो नाही आहे' हे वाक्य मी नोव्हेंबरात तुला किती ठणकावून लिहिलं होतं. आता तसं लिहायला बसलो तर पेन थांबतं. एवढं कबूल करतो.

महांत


माकणी
३० जानेवारी २०२५

चि. महांतू,

आशीर्वाद. कागद आला. गाठ साधी निघाली. दर सहा महिन्यांनी दाखवायचं म्हणाले. मी आता परसापर्यंत चालत जाते.

तुझं पत्र उशीखाली हाय. दुपारी सगळी शेतात तूर काढाया गेली की वाचते. लघवीचं वाचून टाक्याला हात लावून हसले, दुखलं.

तू समदं खरं लिहिलंस. आता माझं बी खरं ऐक. हे म्या स्वामींना सांगितलं न्हाई, पोरालाबी न्हाई.

शुद्ध आली तवा माझा हात पयला गळ्याकडं गेला. गळा मोकळा. मला वाटलं हुतं, आता जीव घाबरंल, सदुसष्ट वर्षांत पयल्यांदा अंगावर न्हाई. तर घाबरला न्हाई. उलट लई निवांत वाटलं. सगळं ओझं उतरून कुणीतरी अंगणात निजवल्यावानी. मग तू दिसलास. तवा कुठं मला आठवलं की लिंग तुझ्याकडं हाय, मग म्या विचारलं आन तू मान हलवलीस.

म्हणजे शुद्ध आल्यावर मधला जो येळ गेला, तेवढ्यात मी देवाबिगर हुते आन मला काही कमी पडलं न्हाई. तवापासून मनात हेच फिरतंय. त्यो डबीत नसून माझ्या आत हुता म्हणून कमी पडलं न्हाई? का कधी नव्हताच, आन निवांतपणा नुसता भुलीच्या औषधाचा? एवढी वर्षं रोज सकाळी हातावर घिऊन बसले. कधी कुणी बोललं न्हाई. म्या बी कधी विचारलं न्हाई, हायस का म्हणून. विचारायची भीती वाटायची. तू न मानणारा असून पयल्यांदा विचारलंस.

परवा अंघोळ करून बसले, हातावर घेतलं, आन म्या बी विचारलं. म्हटलं, महांतू म्हणतो तसं, कुणी असशील तर सांग.

काही न्हाई. चिमण्या हुत्या. मी तशीच बसले. उठावंसं वाटंना. लिंग गळ्यात घातलं आन स्वयंपाकाला लागले. रडू आलं न्हाई, रागबी न्हाई. उलट त्याच्याशी पयल्यांदा ओळख झाल्यावानी वाटलं, का माझ्याशीच झाली, कुणाला ठावं.

तू मास्तर हायस. ह्यातलं खरं कोणतं?

शांताक्का


भूम
६ फेब्रुवारी २०२५

अक्का,

कागद साधा आला, वाचून बरं वाटलं. उमादेवीनं साखर वाटली. मला वाटायला लावली, शेजारच्या पाच घरांत.

तू विचारलंस, खरं कोणतं. मला माहीत नाही. हे उत्तर मी बत्तीस वर्षांत एकाही मुलाला लिहू दिलं नाही. शून्य मार्क द्यायचो. कितीतरी पोरं प्रामाणिकपणे तेच लिहीत असतील.

एक इथलं सांगतो. आमच्या घरात देव्हारा आहे, हे तुला ठाऊक आहे, पण तो कुठं आहे ते तू पाहिलेलं नाहीस. स्वयंपाकघरात धान्याच्या कोठीच्या मागं, दोन वीत जागेत. लग्न झालं तेव्हा मी उमादेवीला म्हणालो होतो, तुला करायचं ते कर, माझ्या डोळ्यांसमोर नको. बाई चाळीस वर्षं मी उठायच्या आत तिथं बसते. मी खोकलो की दिवा झाकते.

परवा सकाळी मी लवकर उठलो. ती पाठमोरी बसली होती. मी दारात उभा राहिलो. तिला चाहूल लागली आणि तिचा हात सवयीनं दिव्याकडं गेला. ते पाहून मला अप्पांचं खरं कळलं तेव्हा वाटली नव्हती तेवढी शरम वाटली.

म्हटलं, "राहू दे. मी बसू का इथं?"

ती म्हणाली, "काय झालंय? अक्काचं काही वाईट आलं का?"

म्हटलं, "काही नाही. नुसता बसतो."

ती भिंतीकडं सरकली. कोठीला पाठ टेकून मी बसलो, गुडघे दुखतात म्हणून पाय लांब करून. हात जोडले नाहीत, डोळे मिटले नाहीत. तिनं दोनदा माझ्याकडं पाहिलं. मग तिची वात, तिचं पुटपुटणं, जे मी चाळीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकत होतो, ते सगळं झालं.

उठताना म्हणाली, "एक सांगू? मी रोज तुमच्यासाठीपण मागते. तुम्हाला न विचारता. तुम्हाला आवडणार नाही म्हणून बोलले नाही कधी. राग तर नाही ना?"

मी म्हणालो, "नाही. मागत जा."

महांत